फाशापासून जोखमीपर्यंत

कारखान्याच्या भिंतीवरील सूचनाफलक, विमापत्र किंवा वैद्याचा सल्ला यांत 'हॅझर्ड', 'चान्स' आणि 'रिस्क' हे इंग्रजी शब्द वारंवार आढळतात. आज ते गंभीर व्यवहाराचे शब्द आहेत. परंतु त्यांपैकी पहिले दोन जुगाराच्या पटावरून आले आहेत आणि तिसरा व्यापारी गलबतांच्या सोबतीने वाढला आहे.

'हॅझर्ड' हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव. दोन फासे टाकण्यापूर्वी खेळणारा 5 ते 9 यांमधील एक संख्या पुकारीत असे आणि पडलेल्या दानावरून हारजीत ठरे. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये या खेळाचा उल्लेख केला आहे. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. अरबीतील फासा या अर्थाच्या शब्दापासून तो स्पॅनिशमार्गे आला असावा, असे अनेक विद्वान मानतात. याबाबत मतैक्य मात्र नाही. पुढे खेळाचे नाव मागे पडले आणि त्यातील धोका तेवढा शब्दाच्या अर्थात उरला.

'चान्स' या शब्दाचे मूळ पडणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. जे पडले ते दान, आणि जे वाट्यास आले ते दैव. मनुष्याने काही करावे असे या दोन्ही शब्दांत फारसे अभिप्रेत नाही. फासा हातून सुटला की पुढचे सर्व त्याच्या सत्तेबाहेरचे.

पैज या अर्थाच्या 'वेजर' शब्दाची प्रकृती निराळी आहे. त्याचा मूळ अर्थ तारण किंवा वचनादाखल ठेवलेली वस्तू. वेतनवाचक 'वेज', गहाणवाचक 'मॉर्गेज' या शब्दाचा उत्तरार्ध आणि विवाहवाचक 'वेडिंग' ही सर्व त्याच कुळातील होत. दिलेला शब्द पाळण्याचे बंधन हे या कुळाचे लक्षण. मराठीतील 'पैज' हा शब्दही संस्कृत 'प्रतिज्ञा' यापासून प्राकृतद्वारा आला आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

'रिस्क' हा शब्द इंग्रजीत रुळला तो सतराव्या शतकात, इटालियन व फ्रेंच भाषांमधून. त्याचे अंतिम मूळ अनिश्चित असले तरी सागरी व्यापार व विमा यांच्याशी त्याचा संबंध जुना आहे. माल समुद्रात बुडण्याचे भय व्यापाऱ्यास टाळता येत नव्हते. पण ते तोलता येत होते, वाटून घेता येत होते आणि मूल्य देऊन दुसऱ्यावर सोपविता येत होते. याच शतकात, 1654 साली, पास्कल व फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या खेळातील पणाची रक्कम न्याय्य रीतीने कशी वाटावी याचा पत्रांतून विचार केला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला.

तथापि विमा आणि पैज यांतील सीमा सहज स्पष्ट झाली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये परक्या माणसाच्या आयुष्यावर विमा उतरवून त्याच्या मृत्यूवर पैसे मिळविण्याची चाल पडली होती. 1774 च्या कायद्याने तीस आळा घातला : ज्याचा विमा उतरवावयाचा त्याच्या जीविताशी विमा घेणाराचे हितसंबंध असलेच पाहिजेत, असा नियम झाला. भारतातही 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 30 नुसार पैजेचा करार शून्य ठरतो. म्हणजे जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. घोडशर्यतीतील विजेत्यांसाठी असलेल्या 500 रुपये वा अधिक रकमेच्या पारितोषिकास दिलेली वर्गणी हा याला अपवाद आहे.

दोन्ही व्यवहारांत भविष्यातील घटनेवर पैसा लावलेला असतो. भेद इतकाच की, विमेदार आधीच असलेल्या धोक्यापासून संरक्षण शोधतो, तर पैज लावणारा नसलेला धोका स्वतः निर्माण करतो. सुरक्षाशास्त्रातही आज अपाय करू शकणारी वस्तू वा स्थिती म्हणजे 'हॅझर्ड' आणि तो अपाय घडण्याची शक्यता व त्याची तीव्रता यांचे माप म्हणजे 'रिस्क', असा भेद करतात. फाशाच्या नावाने अजूनही संकट दर्शविले जाते. व्यापाऱ्याच्या शब्दाने त्याचे मोजमाप.