राक्षसांच्या चाली

टूडी अ‍ॅनिमेशन हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि ‘डार्कस्टॉकर्स’ हे माझं जुनं वेड. जपानमध्ये राक्षसांच्या लढतींची ही मालिका ‘व्हँपायर’ या नावाने ओळखली जाते. कॅपकॉमने १९९४ ते १९९७ या काळात तिचे पाच आर्केड गेम काढले आणि नंतर नवा भाग काढायचं नावच काढलं नाही. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉम म्हणजे ‘मुस्तफा’ आणि ‘स्ट्रीट फायटर’. ही राक्षसांची वरात तिथे फारशी आलीच नाही. मला ती भेटली प्लेस्टेशनवर, तासाच्या भाड्याने. पुढे या धंद्यात पडल्यावर तिच्या फ्रेम एकेक करून थांबवून पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. राक्षस चालीवरून कळला पाहिजे.

‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) मधले र्‍यू आणि केन डोकं झाकून आणि कपड्यांचा रंग काढून पाहिले तर कोण कुठला ते सांगता येत नाही. माणसाचं शरीर घेतलं की हात किती लांब जाणार, कंबर किती वळणार, हे ठरून जातं. ‘व्हँपायर’च्या चित्रकारांनी ती अटच काढून टाकली. व्हिक्टर हा फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा भाऊबंद. तो जोराचा ठोसा मारतो तेव्हा त्याची मूठ फुगून धडाला भारी होते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुन्हा मापात येते. लॉर्ड रॅप्टर हा ऑस्ट्रेलियातला मेलेला रॉकस्टार. लाथ मारताना त्याच्या पायाची करवत होते. मॉरिगन ही पंखवाली बाई. तिचे पंख तर कधी पात्यासारखे धारदार, कधी खिळ्यांसारखे टोकदार, कधी पायांभोवती गुंडाळून ड्रिल. ती नुसती उभी असते तेव्हाही कमरेतून डोलत असते, आणि पंख तिच्या अंमळ मागून डोलतात. हे ‘मागून’ फार महत्त्वाचं आहे. पंख शरीराबरोबरच हलले असते तर ते पाठीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसले असते.

आणि हे सगळं ३८४ बाय २२४ पिक्सेलच्या पडद्यावर. एका पॅलेटमध्ये सोळा रंग, त्यातला एक पारदर्शक. म्हणजे हाताशी पंधराच. मी शिकवायला बसतो तेव्हा मुलांना सांगतो, आकृती पूर्ण काळी करा आणि मग हलवून बघा. दशावतारात संकासुर रंगमंचावर आला की तोंडवळा दिसायच्या आधीच पोरं सावरून बसतात, तसं झालं पाहिजे. या मालिकेतला एकही गडी या परीक्षेत नापास होत नाही. आजच्या महागड्या थ्रीडी गेममधले निम्मे होतील, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

२. उसनं घ्यायचं तर उघडपणे घ्यावं, आणि मग त्याची खुशाल टर उडवावी.

पहिल्या गेममधले बरेचसे गडी कुठून आले ते लपवलेलंच नाही. १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’, १९३२ चा ‘द ममी’, १९४१ चा ‘द वुल्फ मॅन’, १९५४ चा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या युनिव्हर्सलच्या जुन्या चित्रपटांची यादी समोर ठेवा आणि डेमिट्री, व्हिक्टर, अ‍ॅनाकारिस, जॉन टॅलबेन, रिकुओ अशी नावं शेजारी लिहा. जोड्या आपोआप लागतात. ‘क्रीचर’मधला जलमानव अ‍ॅमेझॉनमधला; इथला रिकुओही ब्राझीलचाच.

पण जपानी चित्रकारांनी त्यात आपल्या घरचा आणि शेजारचा मसाला घातला. बिशामोन म्हणजे झपाटलेलं सामुराई चिलखत. त्याचं नाव ज्या देवाचं, तो बिशामोनतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेला आपला वैश्रवण कुबेर. १९९५ च्या दुसर्‍या गेममध्ये, म्हणजे ‘नाइट वॉरियर्स’मध्ये, श्येन-को आली. ती चिनी लोककथांमधलं उड्या मारत चालणारं प्रेत. हाँगकाँगच्या ‘मिस्टर व्हँपायर’ (१९८५) या चित्रपटाने हे प्रेत त्या भागात घरोघरी पोहोचवलं होतं. तिच्या टोपीवर चिकटवलेला मंतरलेला कागद म्हणजे तिची बहीण. अशी कल्पना सुचली की मी त्या दिवशी काम बंद करून चहा प्यायला गेलो असतो.

माझी सगळ्यात लाडकी मात्र बी. बी. हूड. १९९७ च्या ‘व्हँपायर सेव्हियर’मधली ही लाल टोपीवाली पोर, गोड चेहरा, हातात टोपली. टोपलीत मशीनगन. सगळ्या राक्षसांमध्ये ही एकटीच साधी माणूस, पैशांसाठी राक्षस मारणारी, आणि सगळ्यांत निर्दय तीच. गेमने यावर एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही.

३. नियम शरीरातून निघावेत.

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडला. बहुतेक फायटिंग गेममध्ये जॉयस्टिक पुढे दोनदा दाबली की गडी पुढे धावतो. कुणी जरा जोरात, कुणी जरा हळू, एवढाच काय तो फरक. ‘सेव्हियर’मध्ये तीच जॉयस्टिक दोनदा दाबा. मॉरिगन पंख पसरून जमिनीवरून तिरकी हवेत जाते. सॅस्क्वॉच बेडूकउडी मारतो. श्येन-को गिरकी घेत समोरच्याच्या आरपार जाऊन पाठीमागे निघते. जेडा हवेत तरंगायला लागतो. म्हणजे एकच हुकूम, पण प्रत्येक जण आपल्या जातीप्रमाणे तो पाळतो.

खेळणार्‍याला याचा अर्थ असा की गडी बदलला की डाव मुळापासून नव्याने शिकायचा. मॉरिगनचं पुढे जाणंच वर जाणं आहे, त्यामुळे तिची मारायची पद्धत खाली उतरतानाची. तिच्याशी लढणारा सतत वर बघत बसतो. हे कुठल्या नियमपुस्तकात बसून ठरवलेलं वाटत नाही. आधी पंख काढले असतील, मग पंखवाली बाई धावेल कशी असं कुणीतरी विचारलं असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. त्या खोलीत कोण काय बोललं ते मला माहीत असण्याचं कारण नाही. पण चित्रं बघितली की क्रम हाच असावा असं वाटत राहतं.

आमच्याकडे आधी एक्सेलमध्ये वेग, पल्ला, नुकसान असे आकडे भरतात आणि मग चित्रकाराला सांगतात, आता यावर काहीतरी चढव. असं चढवलेलं लगेच ओळखू येतं.

४. पहिला शोध लावणार्‍याला श्रेय मिळेलच असं नाही.

हलका, मध्यम, जोराचा असे वार ओळीने जोडत जायचे, हा साखळी काँबो या मालिकेने पहिल्याच गेममध्ये मुख्य खेळ म्हणून ठेवला. हवेत असताना वार अडवणंही होतंच. १९९४ च्याच ‘एक्स-मेन : चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’पासून पुढे मार्व्हलच्या सगळ्या लढतींनी हीच वाट धरली. साठवलेल्या ताकदीची पट्टी खर्च करून नेहमीचाच डाव जास्त ताकदीने मारायचा, हीही इथली गोष्ट. ‘स्ट्रीट फायटर ३’च्या दुसर्‍या आवृत्तीत (१९९७) ती वेगळ्या नावाने आली आणि आज लोक ती त्याच नावाने ओळखतात. चालायचंच.

५. प्रत्येक नव्या गड्याचं बिल बाकीच्यांनाही भरावं लागतं.

डेमिट्रीचा ‘मिडनाइट ब्लिस’ नावाचा एक डाव आहे. तो लागला की समोरचा क्षणभर सुंदर स्त्री होतो आणि डेमिट्री तिचं रक्त पितो. समोर व्हिक्टर असो, सॅस्क्वॉच असो की चिलखत असो, प्रत्येकाचं स्त्रीरूप वेगळं काढलेलं आहे. अ‍ॅनाकारिस शाप देतो तेव्हा समोरचा एखादा केविलवाणा छोटा जीव होतो. तोही प्रत्येकाचा वेगळा. विजेचा झटका बसला की दिसणारा सांगाडा वेगळा. आता या यादीत एक नवा गडी घाला. त्याच्या स्वतःच्या चालीची चित्रं तर हवीतच, शिवाय बाकीच्यांच्या डावांत तो काय काय होतो, तीही सगळी काढायची.

हे सगळं मावणार कुठे? ‘सेव्हियर’मध्ये जेडा, लिलिथ, क्यू-बी आणि बी. बी. हूड हे चार नवे आले, तेव्हा डोनोव्हन, ह्विट्झिल आणि पायरॉन या तिघांना बाहेर जावं लागलं. गडी झाले पंधरा. चाहते चिडले असणार, कारण त्याच वर्षी जपानमध्ये ‘सेव्हियर २’ आणि ‘हंटर २’ निघाले. एकात या तिघांना परत आणण्यासाठी टॅलबेन, रिकुओ आणि सॅस्क्वॉचला काढलं, दुसर्‍यात चारही नव्यांना काढलं. आर्केडमध्ये सगळे एकाच खोलीत कधी मावलेच नाहीत.

घरच्या मशीनवर तर आणखी ओढाताण. सेगा सॅटर्नवरच्या १९९८ च्या आवृत्तीला ४ मेगाबाइटचं जादा रॅम कार्ट्रिज जोडावं लागे. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशनवरच्या ‘डार्कस्टॉकर्स ३’मध्ये गडी सगळे होते, पण फ्रेम छाटलेल्या. मी तासाच्या भाड्याने खेळलो तो हाच. पुढे आर्केडचा मूळ गेम पाहिला तेव्हा एखाद्या ओळखीच्या माणसाचे गुडघे बरे झाल्यासारखं वाटलं. ठोसा सुरू होतो ती फ्रेम आणि लागतो ती फ्रेम दोन्हीकडे आहेत. प्लेस्टेशनवर मधला प्रवास गेलेला. कॉलेजच्या वयात हा फरक मला शब्दांत सांगता आला नसता. पण ‘मधल्या’ चित्रांचे पैसे ग्राहक कशाला देईल, असं कुणी विचारलं की मी हे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवतो.

६. हरणार्‍याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

‘सेव्हियर’ने राउंडच काढून टाकले. दोघांकडे वटवाघळांची चिन्हं असतात. एकाची पट्टी संपली की तो कोसळतो, एक वटवाघूळ जातं, तो उठतो आणि खेळ तिथूनच पुढे सुरू. जिंकणार्‍याच्या पट्टीत जेवढं उरलं तेवढंच घेऊन त्याला लढायचं. मार लागल्यावर पट्टीचा काही भाग पांढरा राहतो आणि दम धरला तर हळूहळू भरून येतो. म्हणून समोरचा दम धरूच देत नाही. दोन मिनिटांत घाम फुटतो. मला विचाराल तर मालिकेचा कळस हाच, आणि याच कारणाने नवखा माणूस पाच मिनिटांत उठून जातो तेही खरं.

७. कुलूप लावताना किल्लीचं काय होणार ते पाहावं.

हे गेम कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डावर चालत. नकला होऊ नयेत म्हणून प्रोग्रॅम कूटबद्ध केलेला आणि त्याची किल्ली बॅटरीवर जगणार्‍या मेमरीत ठेवलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. विकत घेतलेली वस्तू बॅटरीबरोबर मरावी हा मला सरळ अन्याय वाटतो. २००१ मध्ये हौशी मंडळींनी या कूटलेखनाला वाट काढली, म्हणून एम्युलेटरवर ते माझ्यासारख्यांना दिसले. २०१६ मध्ये आणखी काही जणांनी किल्ली मूळ बोर्डात पुन्हा भरायची पद्धत जाहीर केली आणि मेलेले बोर्ड उठून बसले. राक्षसांच्या गेमला हे शोभतंच म्हणा.

८. एक जण फार लाडका झाला की घर त्याचंच होतं.

मॉरिगन मालिकेबाहेर गेली आणि गाजली. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये ती, ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’मध्ये ती. गंमत म्हणजे २००१ च्या ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २’मध्येही तिची ‘व्हँपायर’च्या काळातली जुनी चित्रंच वापरली. नव्या घोटीव गड्यांच्या शेजारी ती पिक्सेलनिशी उभी. लोकांनी यावर पोटभर टीका केली. मला त्यात तिच्या मूळ चित्रकारांचा मोठेपणा दिसतो. डोनोव्हनसारख्यांच्या वाट्याला मात्र पाहुणा म्हणून असं बोलावणं फार थोड्या वेळा आलं.

कॅपकॉमने २०१२ मध्ये ‘डार्कस्टॉकर्स मेलेले नाहीत’ अशी हाळी दिली. २०१३ मध्ये जुने दोन गेम ‘डार्कस्टॉकर्स रिझरेक्शन’ म्हणून आले, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि विषय तिथेच मिटला. मला वाटतं, लोकांना नवा भाग हवा होता आणि दुकानात जुना मिळाला. जुन्याच्या खपावरून नव्याची मागणी मोजणं हा कुठल्याही धंद्यातला उलटा हिशेब आहे.

९. सुरुवात कुठून करावी, हे मला नेहमी विचारतात.

जून २०२२ च्या ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’मध्ये पाचही आर्केड गेम आहेत; ‘हंटर २’ आणि ‘सेव्हियर २’ जपानबाहेर पहिल्यांदाच आले ते त्यातच. थेट ‘सेव्हियर’ लावा. डेमिट्री घ्या, कारण त्याचा फेकायचा गोळा आणि वर उसळणारा डाव ‘स्ट्रीट फायटर’ खेळलेल्या हातांना लगेच जमतो. मॉरिगनच्या मागे लगेच लागू नका, आणि अ‍ॅनाकारिसला तर हातच लावू नका. तो अगडबंब, संथ आहे आणि त्याचे डाव पाठ करताना माणूस चिडतो. चित्रं काढणारे असाल तर मात्र आधी त्याच कलेक्शनच्या म्यूझियममध्ये जा. तिथे जुनी पोस्टरं आणि कच्चे आराखडे ठेवलेले आहेत. रंगीत चित्रं नंतर बघा, पेन्सिलीची आधी.