पान्ह्याचे इंजेक्शन कोंबडीला चालेल?

प्रश्न : म्हैस पान्हवावी म्हणून गोठ्यात ऑक्सिटोसिन टोचतात. बाळंतपणात कळा वाढवायलाही हेच नाव ऐकू येते. दोन्ही एकच का? मग ते कोंबडीला, माशालाही लागू पडेल?

उत्तर : रेणू एकच. नऊ अमिनो आम्लांची ही साखळी बाई, गाय, म्हैस, डुकरीण साऱ्यांत तंतोतंत सारखी असते. (गोठ्यात रोज सुई टोचणे वाईटच, पण तो विषय वेगळा.)

खरी गंमत पेशींवरच्या ग्राहींत, म्हणजे रिसेप्टरमध्ये आहे. संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरते. ज्या पेशीवर त्याचा ग्राही असेल तीच त्याला दाद देते. सस्तन प्राण्यांत ऑक्सिटोसिन आणि त्याच्याशी मिळतेजुळते संप्रेरक व्हॅसोप्रेसिन यांच्या घराण्याचे मुख्य ग्राही चार : एक ऑक्सिटोसिनचा, तीन व्हॅसोप्रेसिनचे. ऑक्सिटोसिनचा ग्राही पेशीत कॅल्शियम वाढवतो. गर्भाशय आकुंचन पावते, कासेतल्या दूधपिशव्या आवळल्या जातात आणि दूध सुटते. व्हॅसोप्रेसिनचा व्ही-२ हा ग्राही मूत्रपिंडात बसून पाणी अडवतो. दोन्ही संप्रेरकांत फरक जेमतेम दोन अमिनो आम्लांचा, त्यामुळे ऑक्सिटोसिन फार झाले तर ते व्ही-२वरही चालते. बाळंतिणीला ड्रिप लावली की सलाइन किती गेले, लघवी किती झाली, यावर डॉक्टर लक्ष ठेवतात ते यासाठीच; पाणी साचून रक्तातले सोडियम उतरू शकते.

कोंबडीच्या शरीरात ऑक्सिटोसिन नसतेच. त्याच्या जागी मेसोटोसिन असते, आठव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल वेगळे. माशांत आयसोटोसिन. आणि अंडे बाहेर ढकलायचे काम कोंबडीत मुख्यतः व्हॅसोटोसिन करते, जे खरे तर आपल्या व्हॅसोप्रेसिनचे भावंड! ग्राही मिळतेजुळते असल्याने ऑक्सिटोसिनचा थोडाफार परिणाम होतो, पण खरा जोर व्हॅसोटोसिनचा.

नावांचा घोळ मात्र माणसांनी घातला. पूर्वी कोणते औषध कुठे चिकटते ते पाहून ग्राहींची वर्गवारी व्हायची, आणि पक्ष्यांतल्या ग्राहींना व्हीटी-१ ते व्हीटी-४ असे वेगळेच क्रमांक पडले. त्यातला व्हीटी-३ हा आपल्याच ऑक्सिटोसिन ग्राहीचा नातलग, हे नावावरून कोणाच्या ध्यानात येणार? २०२१ साली काही संशोधकांनी जनुकाच्या शेजारी कोणती जनुके आहेत ते पाहून सर्व कशेरुकी प्राण्यांसाठी एकच नामावली सुचवली. मला हाच मार्ग पटतो.

ग्राही तोच असला तरी तो मेंदूत कुठे आणि किती, यानेही फरक पडतो. अमेरिकेतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो, त्याचा डोंगरी भाऊबंद राहत नाही. दोघांच्या मेंदूत या ग्राहींची मांडणी वेगळी आहे. त्यावरून ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणायची टूम निघाली. पण २०२३ मध्ये हा ग्राही जनुकातूनच काढून टाकलेले प्रेअरी व्होलही जोड्या जमवताना आढळले.