अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र : रचना आणि नीती

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरजवळील चिखली, आंबेवाडी ही गावे वेढली. माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. अशा वेळी छायाचित्राची चौकट कोठे आखावी, हा केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही. रडणारा चेहरा अगदी जवळून टिपला, तर पूर दिसेनासा होतो. असहायता तेवढी उरते. चार पावले मागे सरल्यास पाणी, होडी व आधाराचा हातही चौकटीत येतात. दुःखाला संदर्भ लाभतो.

आधी विचारल्यास सहजता हरवते, हे खरे. परंतु नंतर संमती घेता येते. सार्वजनिक जागी असल्याने खासगीपणा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. नकार मिळाल्यास छायाचित्र प्रसिद्ध करू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न : संमती मागणे शक्यच नसेल, तर चौकट कशी निवडाल?