एका मात्रेंत सात स्वर

भजन रंगांत आलें असतां कसलेला गायक एकाच मात्रेंत कधीं तीन, कधीं पांच, कधीं सात स्वर घेतो आणि तरीही समेवर अचूक येतो. हें ऐकावयास गोड. पण लिहावयाचें कसें?

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनांत एका मात्रेंतील सर्व स्वरांखालीं एकच अर्धचंद्र काढतात. त्यांतील स्वरांनीं ती मात्रा सारखी वांटून घ्यावयाची. स्वर सात असल्यास प्रत्येकास एक-सप्तमांश. पाश्चात्य लेखनांत स्वरांचा काल निम्म्यानिम्म्यानें उतरतो: अर्धा, पाव, अष्टमांश. त्यांत सप्तमांश बसत नाहीं. म्हणून चार चिन्हांच्या जागेंत सात चिन्हें लिहून त्यांवर ७ हा अंक घालतात.

आतां हेंच काम संगणकास सांगूं. संगीत लिहिणाऱ्या कित्येक प्रणाली एका मात्रेचे ४८० समान भाग कल्पितात. ४८० ला ३ नें भागल्यास १६० येतात, ५ नें भागल्यास ९६. बाकी उरत नाहीं. ७ नें भागल्यास मात्र ६८ येऊन ४ उरतात. ही बाकी टाकून दिली तर काय होईल? प्रत्येक मात्रा ४ भागांनीं आखूड होईल. त्रितालाच्या १६ मात्रांत ६४ भाग बुडतील, आणि १२० मात्रांनंतर गाणें तबल्याच्या पुढें पूर्ण एक मात्रा निघून जाईल! म्हणून चांगली प्रणाली चार स्वरांस ६९ व तीन स्वरांस ६८ भाग देऊन बेरीज ४८० च राखते, किंवा लिलिपाँडप्रमाणें अपूर्णांकच जसाच्या तसा जपते.

याची परीक्षा तुम्हींही घ्यावी. म्यूझस्कोर ही प्रणाली विनामूल्य मिळते. वरच्या ओळींत दर मात्रेस सात स्वर लिहा, खालच्या ओळींत दर मात्रेस एक ठोका. अशा १२० मात्रा लिहून वाजवा. शेवटच्या मात्रेचा पहिला स्वर व ठोका एकदमच ऐकूं आले, तर हिशेब चोख समजावा. दोन-चार मात्रा ऐकून निर्णय देऊं नये. इतकी लहान चूक तेवढ्यांत कानास कळतच नाहीं.

बागलाणांतील पालकांस हें निराळें सांगावयास नको. एका गोणीमागें कांद्याचें थोडें वजन बुडालें तर कोणी मनावर घेत नाहीं. परंतु हंगामअखेर हिशेब केला म्हणजे गोणीच्या गोणी कमी भरतात. मुलांनो, उरलेली बाकी लहान म्हणून टाकूं नका. ती कोणाच्या तरी वांट्याची असते.