थर्माकोलच्या डब्यांवरील बंदी : न्यूयॉर्कचा धडा

सार्वजनिक आरोग्याचे रक्षण केवळ दवाखान्यात होत नाही. ते नगरपालिकेच्या सभागृहातही होते. उपाहारगृहांतून अन्न बांधून देण्याच्या थर्माकोलच्या डब्यांवर अमेरिकेतील नगरांनी घातलेली बंदी हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

थर्माकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन. त्याच्या घनफळात ९५ टक्क्यांहून अधिक हवाच असते. म्हणूनच तो हलका, स्वस्त व उष्णतारोधक असतो. आणि म्हणूनच त्याचा कचरा वाऱ्यावर उडतो, त्याचे कण होऊन जलाशयांत पोहोचतात. अन्नाने माखलेल्या डब्यांचे पुनर्चक्रीकरण तर सहसा परवडतच नाही.

कॅलिफोर्नियातील बर्कली नगराने १९८८ मध्ये अशा बंदीचा ठराव केला. सॅन फ्रान्सिस्कोत ती २००७ मध्ये लागू झाली. न्यूयॉर्क शहराचा मार्ग मात्र खडतर ठरला. तेथे २०१३ मध्ये कायदा संमत झाला. परंतु डब्यांचे पुनर्चक्रीकरण शक्य आहे काय, याचा निर्णय आधी स्वच्छता आयुक्तांनी द्यावयाचा होता. शक्य नाही, असा त्यांचा २०१५ चा निर्णय त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केला. २०१७ मध्ये नव्याने निर्णय झाला, २०१८ मध्ये तो न्यायालयात टिकला आणि १ जानेवारी २०१९ पासून बंदी अमलात आली. पहिले सहा महिने दंड नव्हता. अल्प उत्पन्नाच्या व्यावसायिकांना अडचण सिद्ध केल्यास सवलत ठेवण्यात आली. हेतू चांगला असला तरी कायद्याला पुराव्याचा आधार लागतो, हा यातील पहिला धडा.

आता वैद्यकीय बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २-अ गटात केली. परंतु माणसांविषयीचा पुरावा मुख्यतः कारखान्यांतील कामगारांचा आहे. डब्यातून अन्नात उतरणारे स्टायरीन अत्यल्प असते. उष्ण व स्निग्ध पदार्थांत ते अधिक उतरते. रुग्णांना अकारण भय न घालता, ‘गरम आमटी अथवा तळण त्यात घेऊ नका’ एवढे निश्चित सांगता येते.

दुसरा धडा पर्यायांचा. कागदी लगद्याच्या काही भांड्यांना तेलरोधक म्हणून फ्लोरिनयुक्त रसायने लावली जात. ती दीर्घकाळ विघटित होत नाहीत, हे ध्यानी आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोने २०२० पासून तीही वर्ज्य केली. एक व्याधी घालवताना दुसरी आणू नये, हे वैद्यकाला सांगावयास नको.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अशा ताटल्या व पेले देशभर निषिद्ध आहेत. तरीही समारंभांत त्या दिसतातच. आपल्या पंगतीत पूर्वी पत्रावळ होती, घरोघरी स्टीलचा डबा अजूनही आहे. स्नेहसंमेलनाच्या भोजनापासून आपणच आरंभ केला, तर आपल्या सल्ल्याला वजन येईल.