मनाची मर्यादा आणि निर्णयाचा विवेक

केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टान्तपाठात जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. पाय चाचपणाऱ्यास हत्ती खांबासारखा वाटला, कान चाचपणाऱ्यास सुपासारखा. स्पर्शाने जे कळले ते खोटे नव्हते. परंतु हाती आलेला अंश म्हणजेच पूर्ण हत्ती, असे मानणे हा दोष होय. या दृष्टांताचा परमार्थपर अर्थ प्रसिद्धच आहे. व्यवहारातील निर्णयासही तो कसा लागू पडतो, हे येथे पाहावयाचे आहे.

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज हे येरळेच्या काठी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला की तेथील शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : बाजरी आताच पेरावी, की थांबावे? पेरल्यावर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचा खर्च. थांबावे तर वापसा निघून जातो. मन अशा वेळी गतवर्षाचीच आठवण पुढे करते. शेजारच्या रानात पाभर चालू दिसली की धीर सुटतो. घरात देणे असेल तर उद्याच्या चिंतेपुढे परवाचे हित दिसेनासे होते.

हा दोष केवळ अशिक्षिताचा नव्हे. मनुष्य सर्व पर्याय तोलीत नाही, पुरेसा वाटणारा पर्याय सापडताच थांबतो, असे हर्बर्ट सायमन यांनी प्रतिपादिले; त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे चटकन आठवते तेच अधिक संभवनीय वाटते, हे ट्व्हर्स्की आणि काहनेमान यांनी १९७४ च्या निबंधात मांडले.

मग निर्णय करूच नये काय? तसे नव्हे. जाणता शेतकरी ढगाकडे पाहून नव्हे, तर माती उकरून ओल किती खोल गेली हे पाहून पेरतो. आणि बाजरीत तूर वा मटकी मिसळतो. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, ही त्यातील दृष्टी. पुढचा पाऊस आपणास ठाऊक नाही, ही कबुलीच त्याने पेरणीच्या रीतीत गोविली आहे.

दार्ष्टान्तिक असे : मर्यादा नाहीशी होत नाही, ती ओळखता येते. म्हणून निर्णयापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या : आपल्या हाती कोणता अंश आहे, दुसऱ्याच्या हाती कोणता आहे, आणि आपला अंदाज चुकला तर काय उरेल.