एअर फ्रायर मध्येच बंद पडतो

प्रश्न : एअर फ्रायर मागून फार तापतो, जळका वास येतो आणि मध्येच बंद पडतो. काय करावं?
– एक वाचक, तुमसर

उत्तर : बंद पडतो, म्हणजे आतला थर्मोस्टॅट आपलं काम चोख करतोय. आधी फ्रायर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा; गरम हवा मागच्या जाळीतूनच बाहेर पडते. मे महिन्यात तुमच्या भंडारा जिल्ह्यात पारा ४० च्या वर, त्यात ही कोंडलेली हवा! प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर वरच्या कॉइलवरचा तेलकट थर ओलसर फडक्याने पुसा. वास बहुधा त्याचाच. पंख्याचा आवाजच येत नसेल, तर मात्र मेकॅनिक गाठा. आणि हो, १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं. त्याला ६ अँपिअरचं सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नको, १६ अँपिअरचाच पॉइंट हवा.